एका पट्टीचा फरक

मास्तरांना पियानोबद्दल काही विचारू नये, असं गावात सगळे एकमेकांना बजावून ठेवत. कारण विचारलं की ते उत्तर देत, आणि उत्तर सुरू झालं की माणसाची दुपार गेली म्हणून समजा.

कुणी नुसतं म्हणालं की पोरीसाठी पियानो घ्यावा म्हणतोय, की मास्तर दुसऱ्या दिवशी त्याच्या दारात हजर. पियानो राहू द्या, आधी घर दाखवा म्हणायचे. मग भिंती ठोकून बघायच्या, खिडकीतून ऊन कुठवर येतं ते जमिनीवर खडूने आखायचं, आणि घरातलं सगळं सामान मनातल्या मनात बाहेर काढायचं. एका दंतवैद्याला त्यांनी पियानोसाठी पलंग हलवायला लावला होता. पलंग हलला, पियानो काही त्याने घेतला नाही, आणि तेव्हापासून दंतवैद्य आणि त्याची बायको वेगवेगळ्या खोल्यांत झोपतात. मास्तरांचं म्हणणं, त्यात पियानोचा काय दोष?

त्यांनी 'पियानोधारकांसाठी बारा सूचना' असं एक पत्रक स्वतःच छापून घेतलं होतं. पियानो स्वयंपाकघराच्या भिंतीला लावू नये. वर फुलदाणी ठेवू नये. हात धुतल्याशिवाय पट्ट्यांना शिवू नये, धुतल्यावर पुसल्याशिवाय तर मुळीच शिवू नये. फोटोंच्या चौकटी पियानोवर मांडणाऱ्या माणसाला पियानो वाजवायचा नसतो, पाहुण्यांना दाखवायचा असतो, हे तर ते चौकटी मांडलेल्या घरात, पाहुण्यांच्या देखत सांगत. आणि सातवी सूचना जाड ठशात होती: तारांच्या खुंट्यांना स्वतः हात लावू नये, सूर लावायला ट्यूनरला बोलवावं.

मास्तरांच्या स्वतःच्या पियानोला बारा वर्षांत ट्यूनरचा हात लागला नव्हता. त्यांच्याकडे खुंट्या पिळायची चावी होती आणि कान होता. सूचना लोकांसाठी असतात.

कानाचं सांगायलाच हवं, कारण पुढचा सगळा घोळ कानाचा आहे. मास्तरांचा कान असा की ताटली पडली तरी ती कुठल्या पट्टीवर पडली ते बसल्या जागी सांगायचे, आणि पियानोवर जाऊन ती पट्टी दाबून दाखवायचे. म्हणून गावात त्यांना कानमास्तर म्हणत. काही लोक आदराने म्हणत, बाकीचे ते गेल्यावर म्हणत.

गेली काही वर्षं मात्र मास्तर हैराण होते. सगळं जग चढत चाललं होतं, ठरल्या सुराहून वर वाजत होतं. लिफ्टची घंटी चढी, रेडिओवरचे वाद्यवृंद चढे, शेजाऱ्याच्या फोनची धून चढी. रेडिओ केंद्राला त्यांनी दोन पत्रं लिहिली. केंद्राने कळवलं की श्रोत्यांचा अभिप्राय आमच्यासाठी मोलाचा आहे. मास्तर म्हणाले, बघा, कबूल केलं शेवटी.

या चढत्या जगात सगळ्यात जास्त हाल झाले ते त्यांच्या मेव्हण्याचे. मेव्हणा चष्म्याचा दुकानदार. डोळे तपासायचा, काचा बसवायचा आणि रविवारी सकाळी क्लॅरिनेट घेऊन बहिणीकडे यायचा. मग मास्तर आणि तो मिळून वाजवायचे. आधी वर्षानुवर्षं छान चाललं. पुढे पुढे मास्तर दर दोन ओळींनी थांबायला लागले. "चढं," म्हणायचे. तो बिचारा सूर खाली यावा म्हणून क्लॅरिनेटचे सांधे ओढून लांब करायचा, करता येईल तेवढं करायचा. "अजून चढं." तीन वर्षांपूर्वीच्या एका रविवारी, सहा पाहुणे बसलेले असताना, वाजवायला घेतलेला तुकडा संपायला चार ओळी राहिल्या होत्या, आणि मास्तरांनी पियानोचं झाकण खाली घातलं. हे वाद्य दुकानात चष्म्यांच्या शेजारी मांड, कुणी घेतलं तर बघ, असं म्हणाले. मेव्हण्याने क्लॅरिनेट पुसलं, पेटीत घातलं आणि तो निघून गेला. त्यानंतर तो त्या घराची पायरी चढला नाही.

मास्तरांच्या बायकोला हा एकच भाऊ. आईवडील नाहीत, दुसरं कुणी नाही. तीन वर्षं ती त्याला दुकानात जाऊन भेटायची, आणि नुसतं बसून राहणं बरं दिसत नाही म्हणून प्रत्येक वेळी डोळे तपासून घ्यायची. तिच्याकडे चार चष्मे झाले होते. नजर उत्तम होती. घरी मास्तर विचारायचे, हा नवीन कशाला? ती म्हणायची, जवळचं दिसत नाही हल्ली.

तर अशात वाचनालयाच्या सभागृहाने नवीन पियानो घ्यायचं ठरवलं. निवड अर्थातच मास्तरांनी केली. अठरा पियानो वाजवून बघितले, सगळेच चढे म्हणून विक्रेत्याला रडकुंडीला आणलं, आणि शेवटी ट्यूनर सूर लावेल म्हणून जो पहिल्यांदा बघितला होता तोच घेतला. पहिला कार्यक्रम मास्तरांचा ठरला. त्या संध्याकाळी कप पुसता पुसता बायको म्हणाली, कार्यक्रमात क्लॅरिनेट हवं.

मास्तर म्हणाले, क्लॅरिनेट चालेल, पण वाजवणारा दुसरा हवा.

"वाजवणारा तोच असेल," ती म्हणाली. "मी त्याला तयार केलंय. आणि एक सांगते. या वेळी तो तुमच्या कानापायी उठून गेला, तर मीही त्याच्याबरोबर जाईन. दोन दिवसांनी परत येईन असं समजू नका."

एरवी ती असं काही बोलली की शेवटी हसायची. या वेळी हसली नाही, तोच कप दुसऱ्यांदा पुसत राहिली. पंचवीस वर्षांच्या संसारात बायकोचा आवाज कुठल्या पट्टीत लागला की काय होतं, एवढं तरी त्या कानाला कळत होतं.

तालमी घरीच झाल्या. मेव्हणा आला, चहाला नको म्हणाला, खुर्चीच्या टोकावर बसला. मास्तर जीभ दातांखाली धरून वाजवायला लागले. मनाशी ठरवलं होतं की कितीही चढं वाजलं तरी ब्र काढायचा नाही. आणि काय आश्चर्य, क्लॅरिनेट तंतोतंत सुरात! दुसऱ्या तालमीला तेच, तिसऱ्या, चौथ्या तालमीला तेच. मास्तरांनी उठून त्याची पाठ थोपटली. रियाज केलास बरं का, म्हणाले, माणूस सुधारू शकतो. मेव्हणा क्लॅरिनेट पुसत खाली बघत राहिला, आणि बायको काहीतरी आणायला म्हणून घाईघाईने स्वयंपाकघरात गेली.

कार्यक्रमाच्या दिवशी सकाळी नऊला मास्तर सभागृहात पोचले. ट्यूनरबाई नुकत्याच पियानोवरून अखेरचा हात फिरवून झाकण लावत होत्या. बाई पन्नाशीच्या, बुटक्या, कमी बोलणाऱ्या. गावातले सगळे पियानो त्यांच्याकडे, एक मास्तरांचा सोडून. मास्तरांनी उभ्या उभ्या एक पट्टी दाबली आणि कानांवर हात ठेवले.

पियानो चढा होता. थोडाथोडका नाही, चक्क शेजारच्या पट्टीइतका. दाबावी एक आणि वाजावी तिच्या उजवीकडची.

बाईंनी पिशवीतून दोन दातांचा पोलादी काटा काढला, ज्याला ठोकलं की एकच ठरलेला सूर येतो, जगभर तोच. गुडघ्यावर ठोकून लाकडाला टेकवला. सूर पियानोशी जुळला. मास्तर म्हणाले, काटा बिघडलाय. बाई म्हणाल्या, सर, हा लोखंडाचा तुकडा आहे, हा बिघडत नाही. मास्तर म्हणाले, बिघडत नाही असं काही जगात नसतं. बाईंनी एकदा मास्तरांकडे बघितलं, एकदा काट्याकडे बघितलं, तो पिशवीत टाकला, आणि दुसरीकडे काम आहे, संध्याकाळी ऐकायला येते असं सांगून निघून गेल्या.

आता मास्तरांच्या डोळ्यांपुढे संध्याकाळ उभी राहिली. मेव्हणा इतका छान सुरात आलेला, आणि पियानोच चढा! म्हणजे दोघांचं जुळणार नाही, लोक हसणार, मेव्हणा उठून जाणार आणि त्याच्यामागोमाग चार चष्मे घेऊन बायको. काहीही करून संसार वाचवायला हवा होता. मास्तरांनी सभागृहाचं दार आतून लावलं, कोट काढला आणि खिशातून स्वतःची चावी काढली.

पियानोला सव्वादोनशेच्या वर तारा असतात. प्रत्येक तारेची खुंटी जराशी सैल करायची, ऐकायचं, पुन्हा जराशी. दहा वाजता मास्तर शीळ घालत होते. बारा वाजता शीळ थांबली. दोन वाजता उजवा हात खांद्यापासून आपला आहे की नाही कळेना. मधे सभागृहाच्या व्यवस्थापकांनी तीनदा दार वाजवलं. मास्तरांनी आतून ओरडून सांगितलं की रियाज चाललाय, व्यत्यय नको. व्यवस्थापक दाराला कान लावून बराच वेळ उभे होते. साडेतीन तास एकच सूर पुन्हा पुन्हा ऐकल्यावर ते खाली जाऊन कारकुनाला म्हणाले की आजचं संगीत आधुनिक दिसतंय, मागच्या रांगांत, दाराजवळ, फार लोक बसवू नका, उठून जातील.

चार वाजता अख्खा पियानो एक पट्टी उतरला. मास्तरांनी वाजवून बघितला, डोळ्यांत पाणी आलं. कोट चढवला, दार उघडलं आणि कुणाला काही बोलले नाहीत. मोठी माणसं उपकार बोलून दाखवत नाहीत, असं त्यांना त्या क्षणी वाटलं.

सहाला सभागृह भरलं. पहिल्या रांगेत मधोमध बायको, त्यातल्या त्यात नवीन चष्मा लावून. मेव्हण्याला दुकानात गिऱ्हाईक अडकलं होतं, तो अगदी वेळेवर धापा टाकत आला. रंगमंचावर आल्यावर वादक आधी एकदा सूर जुळवून बघतात, ही साधी रीत. पण मास्तरांच्या मते लोकांसमोर सूर जुळवणं म्हणजे लोकांसमोर दात घासणं. त्यांनी मेव्हण्याकडे बघून मान हलवली आणि हात उचलले.

तुकड्याची सुरुवात दोघांनी मिळून एकाच लांब सुरावर होती.

तो आवाज ऐकून पहिल्या रांगेतल्या एका आजोबांनी कानातलं यंत्र काढून हातात घेतलं. एकाच दारातून दोन माणसं एकदम घुसावी आणि दोघंही अडकावी, तसे ते दोन सूर एकमेकांना खेटून उभे राहिले. आणि मास्तरांच्या तोंडून, जुन्या सवयीने, समोरच्या माइकमध्ये शब्द गेला.

"चढं."

सभागृहभर ऐकू गेलं. मेव्हण्याचा चेहरा पांढरा पडला, मग लाल झाला. त्याने क्लॅरिनेट तोंडातून काढलं आणि खाली वाकून पेटी उघडली. पहिल्या रांगेत बायको उठून उभी राहिली आणि तिने पर्स खांद्याला लावली. मास्तरांचे हात पट्ट्यांवर तसेच राहिले. संसार वाचवायला सहा तास राबलेला माणूस, आणि संसार समोरून चाललेला.

तेवढ्यात मागच्या रांगेतून ट्यूनरबाई चालत आल्या. घाई नाही, गडबड नाही. रंगमंचावर चढल्या, पिशवीतून काटा काढला, गुडघ्यावर ठोकला आणि माइकजवळ धरला. सभागृहात तो सूर भरून राहिला. मग मेव्हण्याला म्हणाल्या, हाच वाजवा. त्याने उभ्या उभ्या वाजवला. काटा आणि क्लॅरिनेट, दोन आवाज आहेत हे ओळखू येईना. मग मास्तरांना म्हणाल्या, सर, आता तुम्ही. मास्तरांनी पट्टी दाबली. सगळ्या लोकांनी, ज्यांना संगीतातलं ओ की ठो कळत नव्हतं त्यांनीसुद्धा, एकदम तोंड वाकडं केलं.

व्यवस्थापक बाजूच्या पडद्यातून तरातरा बाहेर आले. सकाळी पियानो तपासून सही कुणी केली, त्यांनी बाईंना सगळ्यांसमोर विचारलं. असं काम करत असाल तर उद्यापासून या सभागृहाचा पियानो दुसरा कुणीतरी बघेल. बाई फक्त मास्तरांच्या उजव्या हाताकडे बघत होत्या, त्याच्या तळव्यावर चावीच्या मुठीचा लालभडक वळ होता.

मास्तरांना गप्प राहता आलं असतं. कुणी काही पाहिलं नव्हतं. पण बाई त्यांच्यासाठी बोलणी खात होत्या, मेव्हणा पेटीचा खटका लावत होता आणि बायको रांगेतून वाट काढत होती. आणि तो काटा! लोखंडाचा तुकडा, बिघडत नाही. सकाळी हट्टाने न ऐकलेलं आता सगळ्या गावाबरोबर ऐकावं लागलं होतं.

"बाईंचा दोष नाही," ते म्हणाले. "पियानो मी उतरवला. माझा कान चुकलाय."

बायको रांगेत मधेच थांबली. बाई हळू आवाजात म्हणाल्या की यात लाजण्यासारखं काही नाही, वय झालं की काही काही कानांना सगळं चढं ऐकू येतं, त्यांच्या गिऱ्हाइकांत असे आणखी दोघे आहेत. मास्तर म्हणाले, पण तालमीत तर आमचं जुळत होतं, चारही वेळा जुळत होतं, ते कसं? उत्तर मेव्हण्याने दिलं, पेटीकडेच बघत.

"क्लॅरिनेटमध्ये दोन मापं येतात, भावजी. एक जरा लांब असतं, ते एक पट्टी खाली वाजतं. मित्राकडून मागून आणलं होतं. ताई म्हणाली, त्यांचा पियानो उतरलाय, पण ते ऐकणार नाहीत, तूच उतर. म्हणून घरी ते वाजवलं. इथला पियानो बरोबर सुरात आहे ना, ते कालच बाईंना विचारून घेतलं होतं, म्हणून आज माझं आणलं."

मास्तरांना मेल्याहून मेल्यासारखं झालं. ज्याची पाठ थोपटून माणूस सुधारू शकतो म्हणाले होते, तो मुळात बिघडलेलाच नव्हता. तो त्यांच्यासाठी, अपमान गिळून, वाकून आला होता. आणि त्याची बहीण सगळं जाणून स्वयंपाकघरात जाऊन उभी राहिली होती. सहा तास खुंट्या पिळल्या त्यापेक्षा हे एवढं ऐकणं जड गेलं.

मित्राचं क्लॅरिनेट परत गेलं होतं. पियानो पुन्हा चढवायला रात्र पुरली नसती. लोक कुजबुजायला लागले. मग मास्तरांनी खुर्ची पुढे ओढली आणि मेव्हण्याला म्हणाले, "पेटी उघड. तू तुझ्याच सुरात वाजव. मी येतो तुझ्याकडे."

येतो म्हणणं सोपं होतं. त्याच्याकडे जायचं म्हणजे अख्खा तुकडा एक पट्टी उजवीकडे सरकवून वाजवायचा. तुकडा होता पांढऱ्या पट्ट्यांवरचा, शिकाऊ पोरंही वाजवतील असा. एक पट्टी सरकला आणि सगळा काळ्यांवर चढला. चाळीस वर्षं ज्या बोटांना वाट पाठ होती, ती अनोळखी जिन्यावर अंधारात चाचपडल्यासारखी फिरायला लागली. आणि वरून कान ओरडत होता: चढं, चढं, चढं. मास्तरांनी त्याला आयुष्यात पहिल्यांदा गप बस म्हणून सांगितलं आणि नजर मेव्हण्याच्या बोटांवर ठेवली. किती चुका झाल्या, मोजल्या नाहीत. एका जागी डावा हात रस्ता चुकून भलत्याच तुकड्यात गेला आणि दोन ओळींनी परत आला. पण पहिला लांब सूर लागला तेव्हा दोन आवाजांचा एक झाला, आणि बायको मिळेल त्या खुर्चीत, भलत्याच माणसाच्या शेजारी, बसून रडायला लागली.

टाळ्या बराच वेळ वाजल्या. कानातलं यंत्र परत लावलेल्या आजोबांनी तर उभं राहून वाजवल्या.

पडद्यामागे मास्तरांनी मेव्हण्याचे दोन्ही हात धरले. भाषण मनात तयार होतं, पण बाहेर आलं ते तेवढंच. "चुकलो रे. तीन वर्षं चुकलो. चढा तू नव्हतास."

मेव्हण्याचेही डोळे भरले होते. ते पुसून तो म्हणाला, "जाऊ द्या ना, भावजी. चढं म्हणायचात ते मी कधी मनावर घेतलंच नव्हतं. त्या रविवारी उठलो ते वेगळ्याच कारणाने."

"कुठल्या?"

"तुम्ही पळता."

मास्तरांना कळेना.

"तुकड्याचा शेवट जवळ आला की पळत सुटता. कुणी मागे लागल्यासारखे. आणि वर माझ्याकडे बघता, हा मागे का राहिला म्हणून. त्या दिवशी चार ओळी राहिल्या होत्या, तुम्ही पुढे निघून गेलात आणि झाकण माझ्यावर आपटलंत. आजही पळालात."

मास्तरांनी ट्यूनरबाईंकडे बघितलं. बाई पिशवीचे बंद बांधत होत्या. "पळता, सर," त्या म्हणाल्या. मास्तरांनी बायकोकडे बघितलं. ती चष्मा काढून, काही गरज नसताना, पुसायला लागली.

"मी पळतो?" मास्तर म्हणाले. "अगं, मी? कान गेला असेल, कबूल. पण लय? माझ्या लयीवर लोकांनी घड्याळं लावावीत!"

बायको म्हणाली, घरी जाऊन तीन ताटं वाढायची आहेत, निघा आता. मग तिघं निघाले. रस्ताभर मास्तर आणि मेव्हणा भांडत होते. मेव्हणा चालता चालता हाताने ताल देऊन कुठल्या ओळीपासून मास्तर सुटतात ते दाखवत होता, आणि मास्तर त्याला पटवून देत होते की मागे राहणाऱ्याला पुढचा नेहमीच पळताना दिसतो. बायको क्लॅरिनेटची पेटी छातीशी धरून मेव्हण्याच्या शेजारून चालत होती आणि मधेमधे उगाचच हसत होती. आपण पळत नाही हे दाखवायला मास्तर एकेक पाऊल अगदी मोजून टाकत होते.

घराचं वळण दिसलं तेव्हा ते दोघांच्या वीस पावलं पुढे होते.